जोडीदाराला श्वान भेट देण्यापूर्वी

मुले नागपूरला, पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक होतात आणि ब्रह्मपुरीतल्या चार खोल्यांच्या घरात दोनच माणसे उरतात. त्यांपैकी एकाचा दिवस वर्तमानपत्र, बँक आणि मित्रमंडळी यांत सरतो. दुसऱ्याचा, बहुधा पत्नीचा, दुपारनंतर लांबत जातो. अशा वेळी लग्नाचा चाळिसावा वाढदिवस जवळ आला की साडी-दागिन्यांऐवजी एखादे गोजिरवाणे पिल्लू आणून तिला चकित करावे, असे अनेक पतिराजांच्या मनात येते. कधी हा विचार दूरगावी राहणाऱ्या मुलांचा असतो. आईबाबांना सोबत होईल, ही त्यामागची भावना. वाचकहो, विचार चांगला आहे. त्यातील ‘चकित करावे’ एवढा भाग मात्र वगळावा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

श्वान भेट देण्याची रीत जुनीच आहे. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना आपल्याकडील शिकारी कुत्र्यांची जोडी नजर केल्याचे सांगितले जाते. ती जात पुढे मुधोळ हाउंड म्हणून ओळखली गेली आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. परंतु राजाला मिळालेल्या कुत्र्यांची उठाठेव राजाला करावी लागत नाही. आपल्या घरी ज्याला भेट मिळते, तोच नोकर होतो. भेट देणारा चार दिवस कौतुकाने पाहतो, पाचव्या दिवसापासून अंगणातील घाण कोण उचलणार हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेलेच असते.

आधी लाभाची बाजू पाहू. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख नागरिकांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्याने राहणाऱ्या व्यक्तींपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्या व्यक्तींपेक्षा ३३ टक्के कमी आढळला. कुत्र्यामुळेच आयुष्य वाढते, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. मुळात ज्यांची प्रकृती चांगली असते, तेच कुत्रा पाळायला धजावतात, हेही कारण असू शकते. तरीही वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. सकाळी आपल्यासाठी कोणी तरी वाट पाहत आहे, त्याला खाऊ घालायचे आहे, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, एवढ्यानेही माणूस अंथरुणातून उठतो. चालणे होते, शेजाऱ्यांशी बोलणे होते, दिवसाला वेळापत्रक येते. निवृत्तीनंतर किंवा एखाद्या मोठ्या आजारपणानंतर हेच वेळापत्रक हरवलेले असते.

परंतु समजा, पती पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला आहे आणि पत्नी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्याचे कूस बदलणे, औषधे, अंघोळ सारे पाहते आहे. तिला विरंगुळा म्हणून मुलांनी दोन महिन्यांचे पिल्लू आणून दिले. ते पिल्लू रात्री रडते, दिवसातून आठ-दहा वेळा फरशी ओली करते, चपला आणि औषधांच्या पट्ट्या चावते. विरंगुळा तर दूरच, त्या माऊलीच्या वाट्याला आणखी एक परावलंबी जीव येतो. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला भेटच द्यायची असेल तर आधी तिला झोप द्यावी, आठवड्यातून दोन दिवस मदतनीस द्यावा. कुत्रा नंतर. या बाबतीत मी कठोर आहे, हे मान्य; पण पिल्लाच्या पायी थकलेल्या स्त्रीला ‘आम्ही प्रेमाने दिले होते ना’ असे ऐकावे लागणे अधिक कठोर आहे.

म्हणून विचारावे, आणि आडवळणाने नव्हे तर समोर बसून विचारावे. ‘तुला कुत्रा आवडतो का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. दत्तात्रेयाच्या चरणांशी चार श्वान आणि खंडोबासोबतचा कुत्रा पाहत वाढलेल्या आपल्या पिढीतील कोणीही नाही म्हणणार नाही. प्रश्न असा असावा : सकाळी कोण नेईल, मल कोण उचलेल, आपण दोघे लग्नाला किंवा तीर्थयात्रेला गेलो तर त्याला कोण सांभाळेल? लहानपणी कुत्रा चावल्याची भीती मनात आहे का? देवघर आणि स्वयंपाकघरात त्याने यावे की येऊ नये? दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे का? शक्य असल्यास एखाद्या परिचिताचा शांत कुत्रा आठवडाभर घरी ठेवून पाहावा. आठ दिवसांत दोघांनाही उत्तर कळते. विस्मरणाचा आजार जडलेल्या जोडीदाराच्या बाबतीत ही परीक्षा अधिक गरजेची, कारण अशी व्यक्ती कुत्र्याला दोन दिवस उपाशी ठेवू शकते किंवा एकाच सकाळी चार वेळा खाऊ घालू शकते. तेथे कुत्रा असावा; पण त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर असावी.

उत्तर होकारार्थी आले तर पिल्लापेक्षा तीन-चार वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा पाहावा. पिल्लूच हवे असेल तर आठ आठवड्यांहून लहान घेऊ नये. श्वानप्रजननाविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्यापेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. जातीचा हट्टही सोडावा. लॅब्राडोर स्वभावाने प्रेमळ खरा. पण ३० किलोचा कुत्रा मांजर पाहून झेपावला की पट्टा धरलेला हात आणि त्यामागचे ठिसूळ हाड, दोन्ही खेचले जातात. अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना पट्ट्याने कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांची संख्या २००४ मध्ये सुमारे १,७०० होती, ती २०१७ मध्ये ४,४०० च्या घरात गेली. जखमींमध्ये जवळजवळ पाचांपैकी चार स्त्रिया होत्या. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होतात, हे त्याचे एक कारण. खुब्याचे हाड मोडणे म्हणजे वृद्धापकाळात काय असते, हे वाचकांना सांगायला नको. पट्टा मनगटाला गुंडाळू नये, घरात कुत्र्याची झोपण्याची जागा वाटेत नसावी आणि रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या मार्गावर मंद दिवा असावा. आपला गावठी कुत्रा १५ ते २० किलोचा, आखूड केसांचा, काटक आणि विदर्भाच्या हवेत मुरलेला असतो. आमच्या मते ब्रह्मपुरीच्या वृद्ध जोडप्यासाठी त्याच्यासारखा दुसरा सोबती नाही.

ब्रह्मपुरीचे नाव घेतले की हवामान आलेच. उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या गावांत या गावाचे नाव वारंवार झळकते. पारा ४५ अंशांपुढे जाणे येथे नवलाचे नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो मुख्यत्वे धापा टाकून शरीर थंड करतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. हस्की किंवा सेंट बर्नार्ड येथे आणणे म्हणजे त्या जीवाचा छळ होय. उन्हाळ्यात त्याला कूलरच्या खोलीत जागा द्यावी, पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलावे आणि डांबरी रस्त्यावर हाताचा मागचा भाग काही सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

येथे आपल्या जिल्ह्याची खरी अडचण पुढे येते. ऊन सांगते की कुत्र्याला पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरवा. जंगल सांगते की नेमक्या त्याच वेळी बाहेर पडू नका. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर मोठा आहे आणि बिबट्या तर गावाच्या कडेलाच राहतो. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर) विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्याच्या आहारातील भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणजे आपण प्रेमाने अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याच्या लेखी दारात वाढून ठेवलेले ताट असते. साखळीने बांधलेल्याला तर पळताही येत नाही. त्याच्या भुंकण्याने घाबरून टॉर्च घेऊन बाहेर धावणारे आजोबा हा दुसरा धोका. रात्री कुत्रा दाराच्या आत, कडी लावून. फिरणे उजाडल्यानंतर, वस्तीतल्या रहदारीच्या गल्लीत. कडक उन्हाळ्यात तर परसात दहा मिनिटे पुरे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला जाताना सोबत म्हणून कुत्रा नेण्याची काहींची सवय आहे, ती सोडावी. बिबट्याला पाहून घाबरलेला कुत्रा मालकाच्याच पायांशी येतो.

जंगलालगतच्या घराचे आणखी एक कर्तव्य आहे. कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा विषाणुजन्य आजार वन्य श्वापदांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा काहींमध्ये हाच विषाणू आढळला होता. आपल्या कुत्र्याची लस वाघालाही उपयोगी पडते, असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत गंभीर विषय रेबीजचा. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी पुन्हा लस द्यावी, नोंदीचे कार्ड जपून ठेवावे. कुत्रा चावला, रक्त येईल असा ओरखडा काढला किंवा उघड्या जखमेवर त्याची लाळ लागली तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड काहीही भरू नये. नंतर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे, म्हणून स्वतःच निर्णय घेऊ नये. तो डॉक्टरांनी घ्यावा. त्वचेत देण्याच्या लशीच्या मात्रा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घ्यायच्या असतात, आणि जखम खोल असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. वृद्ध रुग्ण दुसऱ्या इंजेक्शननंतर बरे वाटते म्हणून थांबतात. शुश्रूषा करणाऱ्यांनी चारही तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

बाकीची काळजी थोडक्यात. पावसाळ्यात गोचीड व पिसवा पाहाव्यात, जंताचे औषध वेळेवर द्यावे. मधुमेह असलेल्यांनी पायाची जखम कुत्र्याला चाटू देऊ नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधा ओरखडाही बराच काळ वाहू शकतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासमान असतात, म्हणून गोळ्यांचा डबा उंचावर ठेवावा. कांदा, मनुका आणि चॉकलेट त्याच्या ताटलीत नको.

आता तो प्रश्न, जो वाढदिवसाच्या दिवशी कोणी काढत नाही. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. सत्तरीतील जोडप्याने पिल्लू आणले तर आपल्यामागे त्याचे काय? रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांनी आपल्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद केल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. आपल्यापाशी टाटांची संपत्ती नसली तरी ही दृष्टी घेता येते. कायद्याने कुत्र्याच्या नावे मालमत्ता ठेवता येत नाही. पण सांभाळ करणाऱ्या व्यक्तीच्या नावे रक्कम ठेवता येते. त्या व्यक्तीला आधी विचारून, तिचे नाव, कुत्र्याचा आहार, लसीकरणाचे कार्ड आणि पशुवैद्यकाचा दूरध्वनी एका वहीत लिहून ठेवावा. हे न केल्यास मुले येतात, तेरवी उरकतात आणि कुलूप लावून परततात. कुत्रा फाटकाशी बसून राहतो. त्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

एवढे वाचूनही आपला निश्चय कायम असेल तर दिवाळीनंतरचा काळ निवडावा. हवा थंड असते, धानाची कापणी आटोपत आलेली असते आणि नव्या जीवाला उन्हाळ्यापूर्वी चार-पाच महिने रुळायला मिळतात. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. रात्रभर नाटक पाहायला जायचे असेल तर कुत्र्याला घरात ठेवूनच जावे. वाढदिवसाच्या दिवशी पत्नीच्या हातात पिल्लू नव्हे, एक साधा पट्टा ठेवावा आणि कुत्रा निवडायला दोघांनी मिळून जावे. तिने तो पट्टा खुंटीला अडकवून ठेवला आणि महिनाभर त्याचा विषय काढला नाही, तर तेही तिचे उत्तर समजावे.