विश्लेषण : छापे पडूनही ‘एमडी’ची साखळी का तुटत नाही?

चाकण परिसरात ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सुमारे २० कोटी रुपयांचे २० किलो मेफेड्रोन (एमडी) पकडले. तरीही पुढच्या चार वर्षांत राज्यात एमडीचे आणखी मोठे साठे सापडले. असे का होते, यावर जगभरात पोलीस आणि संशोधक एकत्र काम करत आहेत.

चाकण प्रकरणात काय उघड झाले?

तपासाचा माग रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीपर्यंत गेला. या प्रकरणातील आरोपी ललित पाटील २ ऑक्टोबर २०२३ रोजी ससून रुग्णालयातून पळाला. त्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी नाशिकजवळील शिंदे गावात एमडीचा कारखाना उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एका वेगळ्या प्रकरणात, पुणे पोलिसांनी कुरकुंभसह विविध ठिकाणांहून १,८०० किलोपेक्षा अधिक एमडी जप्त केले.

औद्योगिक पट्टाच का?

एमडी हे कृत्रिम रसायन आहे. त्यासाठी शेत नव्हे, तर भाड्याची शेड, कच्चे रसायन आणि प्रक्रिया जाणणारा माणूस लागतो. रासायनिक वसाहतींत हे तिन्ही मिळते. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणमध्ये दिवसरात्र मालवाहतूक चालते. त्या गर्दीत संशयास्पद खेप ओळखणे अवघड असते.

संशोधन काय सांगते?

कॅनडातील माँट्रियल येथे १९९४ ते १९९६ दरम्यान पोलिसांनी एका टोळीचा माल वारंवार जप्त केला, पण अटका लांबणीवर टाकल्या. कार्लो मोरसेली यांनी या नोंदींचा अभ्यास केला. प्रत्येक जप्तीनंतर टोळीतील संपर्क बदलत गेल्याचे त्यात दिसले. नेदरलँड्समध्ये पोलीस आणि विद्यापीठीय संशोधकांनी गांजा लागवडीच्या जाळ्याचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा : माणसे हटवल्यावर जाळे स्वतःला सावरते, कधी अधिक कार्यक्षमही होते. मात्र बदली माणूस शोधताना गुप्तता सैल होते आणि तीच पोलिसांची संधी असते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननेही बेकायदा पुरवठा साखळ्या मोडण्यासाठी स्वतंत्र संशोधन कार्यक्रम सुरू केला. त्यात अभियंते, संगणकतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र काम करतात.

मग घाव कुठे घालायचा?

किरकोळ विक्रेत्याची जागा लवकर भरते, पण रसायन बनवणारा, कच्चा माल पुरवणारा आणि पैसा फिरवणारा यांना पर्याय सहज मिळत नाही. त्यामुळे जप्ती ही तपासाची सुरुवात ठरायला हवी.

अडचण काय?

चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते, तर रांजणगाव आणि कुरकुंभ पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. साखळीला हद्द नसते, तपासाला असते. कच्च्या रसायनांची खरेदी, भाडेकरार, वाहतुकीच्या नोंदी आणि जुन्या गुन्ह्यांतील संपर्क एकत्र तपासले, तर कारखाना उभा राहण्याआधीच धागा हाती लागू शकतो. अन्यथा एक कारखाना बंद होईल आणि पुढच्या वसाहतीत दुसरा सुरू होईल.