सख्य आणि समर्पण : ना. वा. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती काव्याचा विचार करताना 'देव भक्ताचा मित्र' ही कल्पना आणि 'शिष्याने स्वतःचा त्याग करावा' ही अपेक्षा यांचा परस्परसंबंध स्पष्ट होणे आवश्यक ठरते. वरवर पाहता मैत्री ही समानतेची आणि सुखाची, तर आत्मत्याग हा अधीनतेचा आणि क्लेशाचा विषय वाटतो. एकाच शिष्यत्वात या दोहोंना स्थान कसे मिळते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे जीवन व काव्य विशेष उपयुक्त आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या कवीने ख्रिस्ताकडे पाहिले ते मराठी संतपरंपरेच्या दृष्टीने.

प्रथम मूळ कल्पना पाहू. जुन्या करारात अब्राहामाला देवाचा मित्र म्हटले आहे. मोशेशी देव मित्राप्रमाणे बोलत असे, असाही उल्लेख आहे. तेथे हा मान विरळा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मात्र येशू आपल्या सर्व शिष्यांना दासपदावरून मित्रपदावर आणतो. त्याचे कारण त्याने दिले आहे ते असे की, धन्याचे मनोगत दासाला ठाऊक नसते. मित्राला ते सांगितलेले असते. याच ठिकाणी मित्रांसाठी प्राण देणे ही प्रेमाची परिसीमा मानली आहे आणि आज्ञापालन ही मैत्रीची अट घातली आहे. म्हणजे ही मैत्री बरोबरीची नव्हे. ती विश्वासात घेतल्याची मैत्री आहे. ज्याला मनोगत कळले त्याला त्या मनोगताची जबाबदारीही उचलावी लागते. मार्काच्या आठव्या अध्यायातील स्वतःचा वधस्तंभ उचलण्याची अपेक्षा या दृष्टीने पाहिली, तर ती मैत्रीला विरोधी न राहता मैत्रीचाच परिणाम ठरते.

ही विचारसरणी मराठी मनाला सर्वस्वी अपरिचित नव्हती. भागवतातील नवविधा भक्तीत सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे आहे. सख्याची पुढची पायरी स्वतःला अर्पण करणे हीच होय, असे हा क्रमच सुचवितो. रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठव्या समासात सख्यभक्तीचे विवरण केले आहे. देवाला जे आवडते ते आपण करावे, त्याच्या सख्यासाठी स्वतःचे सौख्य सोडावे, जिवलगांची ताटातूट झाली तरी ती सोसावी आणि शेवटी प्राणही वेचावा, असा त्याचा आशय आहे. वारकरी परंपरेत जनाबाईबरोबर दळणकांडण करणारा विठ्ठल आहेच.

साम्य असे मोठे असले, तरी भेदही दृष्टीआड करता येत नाही. दासबोधातील देव सख्य जाणणाऱ्या पांडवांना लाक्षागृहातून सोडवितो. जनाबाईचा देव भक्ताचे कष्ट वाटून घेतो. योहानाच्या शुभवर्तमानातील मित्र स्वतःच मरण पत्करतो. येथे त्यागाचा आरंभ देवाकडून होतो आणि शिष्याचा त्याग हा त्याला दिलेला प्रतिसाद असतो. टिळकांच्या भक्तिकाव्याचे मर्म या भेदात आहे. त्यांचा ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे आणि माउलीही आहे. संबोधने संतांची असली, तरी त्यांच्या केंद्रस्थानी क्रूसावरील मरण आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती. 'अभंगांजली'तील अभंगाची निवड त्यामुळे केवळ छंदाची निवड राहत नाही. ती भक्तीच्या एका संबंधाची निवड ठरते.

टिळकांच्या चरित्रात हा संबंध टप्प्याटप्प्याने उलगडतो. १८९३ साली रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनशी निगडित राहिल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. पगारी सेवकाच्या भूमिकेतून बाहेर पडणे हे दासपदाकडून मित्रपदाकडे जाण्याचेच एक प्रत्यक्ष रूप म्हणता येईल. येथे त्याग शिक्षा म्हणून येत नाही. तो मोकळीक म्हणून येतो.

तथापि या विवेचनाला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळल्यास ते एकांगी होईल. रामदासांच्या समासातील 'जिवलगांची ताटातूट' सोसणारा भक्त एक असतो. परंतु ज्यांच्यापासून तो तुटतो त्या जिवलगांचे काय? टिळकांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जवळजवळ पाच वर्षांचा वियोग, लोकनिंदा आणि परावलंबन आले. हा त्याग त्यांनी निवडलेला नव्हता. १९३४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी तो कडवटपणाशिवाय, परंतु काहीही न लपविता सांगितला आहे. दुसऱ्याच्या नावे केलेले दान आणि स्वतःचे दान यांतील फरक त्या ग्रंथातील विनोद वारंवार दाखवून देतो. लादलेल्या दुःखाला समर्पण म्हणता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील मित्र आपला प्राण स्वतः होऊन देतो, ही गोष्ट येथे निर्णायक आहे.

लक्ष्मीबाईंचा पुढील प्रवास म्हणूनच स्वतंत्रपणे पाहावा लागतो. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारात वाढलेल्या या स्त्रीने जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, असा निष्कर्ष स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पतीचे मत म्हणून त्यांनी काही स्वीकारले नाही. टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्यासाठी त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. एकेकाळी ज्या श्रद्धेची किंमत त्यांना अनिच्छेने मोजावी लागली, त्याच श्रद्धेचे महाकाव्य त्यांनी स्वेच्छेने पुढे नेले.

सारांश, टिळकांच्या काव्यातील सख्य समजून घेण्यासाठी 'अभंगांजली'बरोबर 'स्मृतिचित्रे' वाचणे अपरिहार्य आहे. पहिल्या ग्रंथात मैत्रीतून निघालेल्या समर्पणाचा आनंद आहे. दुसऱ्यात त्या समर्पणाचा घरातल्यांना पडलेला भार आहे. एकच ग्रंथ वाचणाऱ्यास भक्ती तरी दिसेल किंवा तिचे मोल तरी. शिष्यत्वाची कल्पना या दोहोंचा हिशेब मांडल्याखेरीज पूर्ण होत नाही.