विजेची करवत घरी आणण्यापूर्वी

अमरकोशात करवतीस क्रकच आणि करपत्र अशी नावे दिली आहेत. आपली करवत ही त्या करपत्राचीच लेक होय. मुलांकडून हे शब्द घोकून घेत असता पुढे उतारवयात आम्हांस स्वतःलाच एका करवतीची पारख करावी लागेल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. तो प्रसंग ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने आणला. श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या वाडीत त्या दुपारी पोफळी व माड आडवे झाले, आणि न्हाणीघरावर कोसळलेला फणस कुऱ्हाडीने तोडून दूर करण्यास चार गड्यांस तीन दिवस लागले. पुढे पुतण्याने रिकाम्या गोठ्यात सुतारकाम मांडले, तेव्हा "काका, आता विजेची साखळी-करवत घेऊच," असा त्याने आग्रह धरला. बाजारात जिला चेनसॉ म्हणतात ती हीच.

मोठ्यात मोठी घ्यावी, हे त्याचे पहिले म्हणणे. आम्हांस ते पटले नाही. करवतीची पट्टी कापावयाच्या लाकडाच्या जाडीहून किंचित अधिक लांब असली म्हणजे पुरे. घरच्या फांद्या व ओंडके बहुधा १० इंचांच्या आतले. त्यांस १४ ते १६ इंचांची पट्टी पुष्कळ झाली. अधिक लांबी म्हणजे अधिक वजन, आणि थकलेल्या हातातील वजन हेच अपघाताचे बीज. पेट्रोलवर चालणारीचा विचार आम्ही प्रथमच सोडला. बंद गोठ्यात तिचा धूर विषारी होय.

राहिल्या दोन, वायरीची आणि बॅटरीची. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "वादळानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा तुमची वायरीची करवत काय खुंटीला टांगली असती?" प्रश्न बिनतोड होता. तथापि आम्ही पाटी घेऊन हिशेब मांडला. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १४४ वॅट-तास. तिच्याकडून कोणी २००० वॅट मागेल तर ती सव्वाचार मिनिटांत रिकामी होईल. म्हणूनच अशा करवती कमी शक्तीवर चालतात. फांद्या छाटण्यास त्या उत्तम, परंतु दिवसभर ओंडके चिरण्यास नव्हेत. शिवाय वीज नसता ती बॅटरी तरी कोठे भरावयाची? वादळ क्वचित येते, सुतारकाम रोजचे आहे. आम्ही वायरीची घेतली, आणि कुऱ्हाडीस धार लावून ठेवली.

२००० वॅटची करवत २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढते. दिव्यांच्या ६ अँपिअरच्या प्लगचे हे काम नव्हे. १६ अँपिअरचा पाहिजे. अंगणापर्यंत नेण्याची वायर अडीच चौरस मिलिमीटरची असावी व रिळावरून पुरी उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते. प्रवाहाची गळती ३० मिलिअँपिअर होताच वीज तोडणारे साधन, म्हणजे आरसीसीबी, मुख्य फळ्यावर नसेल तर आधी ते बसवावे, मग दुकानाची पायरी चढावी.

दुकानदाराने दाखविलेली पहिली करवत स्वस्त होती. तिला साखळीचा ब्रेक नव्हता. पुतण्याचा कल तिच्याकडेच. आम्ही मात्र पुढे उभी ढाल असलेली, त्या ढालीस मनगटाचा धक्का लागताच साखळी जागीच रोखणारी करवत मागितली. जास्तीचे पैसे मोजताना मनास थोडे लागले, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या मार्गशीर्षात पडलेल्या आंब्याची फांदी कापत असता पट्टीच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीस लागला. साखळी टोकाशी वळत असते. तेथे ती अडकली की सगळे यंत्र क्षणार्धात वर आणि कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. पुतण्याचे मनगट ढालीवर आदळले, साखळी थांबली. थांबली ती त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. विहिरीवरून वहिनींनी ते पाहिले. त्या दिवशी घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि किमतीचा विषय पुन्हा निघाला नाही. आता टोकाने कापणे वर्ज्य, खांद्याच्या वर उचलणे वर्ज्य, दोन्ही हातांची पकड सक्तीची; उपरणे व धोतराचा सोगा यांस साखळीजवळ मज्जाव. डोळ्यांवर चष्मा हवाच, आमचा वाचण्याचा नव्हे.

दातांविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. आजच्या साखळीच्या दातांची घडण जोसेफ कॉक्स नामक अमेरिकन लाकूडतोड्याने १९४७ च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून बसविली. दात बोथट झाले की चुऱ्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागतो. मग जोर न लावता गोल कानस घ्यावी. आमच्या साखळीस ४ मिलिमीटरची लागते, इतरांनी आपल्या साखळीबरोबरचे पत्रक पाहावे. पट्टीचे तेल मात्र ठेवल्या जागी पाझरते. करवतीखाली जुने पातेले ठेवावे, नाहीतर माजघरातून तक्रार येते.

करवत आली म्हणजे झाड तोडण्याचा परवाना आला असे नव्हे. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा, फणस, चिंच, साग आहेत; नागरी हद्दीत १९७५ चा अधिनियम लागू होतो. आमच्या विहिरीवर झुकलेल्या दुसऱ्या फणसासाठी केलेला अर्ज विचाराधीन आहे. तूर्त पडलेल्या लाकडांवरच काम चालू आहे, आणि पुतण्या त्यातून देवघरासाठी चौरंग करीत आहे.