सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी विझट्री चालवा

परवा मावसभावाचा लॅपटॉप हातात आला. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, आणि साहेब नवा लॅपटॉप घ्यायच्या बेतात!

अशा वेळी मी विझट्री चालवतो. ड्राइव्हवरची जागा कुठल्या फाइलींनी खाल्लीय, ते दाखवणारं हे सॉफ्टवेअर. घरगुती वापरासाठी फुकट. पोर्टेबल आवृत्ती घेतली तर इन्स्टॉलही करावं लागत नाही.

याचा वेग भन्नाट आहे. एरवी अशी सॉफ्टवेअर एकेक फोल्डर उघडून फाइली मोजत बसतात. पण विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर 'मास्टर फाइल टेबल' नावाची खातेवहीच असते. प्रत्येक फाइलचं नाव, आकार, जागा तिच्यात नोंदलेली. विझट्री थेट तीच वाचतं. म्हणून ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं. एक्सफॅट पेन ड्राइव्हवर ही वही नसते, त्यामुळे तिथे हा वेगही नाही.

स्कॅन झालं की खाली रंगीत चौकोन दिसतात. चौकोन जेवढा मोठा, तेवढी फाइल मोठी. भावाकडे सगळ्यात मोठे चौकोन एकाच लग्नाच्या व्हिडिओचे निघाले. तीन फोल्डरांत तीन प्रती!

मात्र हायबरफिल, पेजफाइल या विंडोजच्या फाइली किंवा विंडोज फोल्डरमधलं काहीही, कितीही मोठं दिसलं तरी, हाताने डिलीट करू नका. जुन्या अपडेट्सच्या फाइली काढायला विंडोजचंच डिस्क क्लीनअप आहे.

आणि डाउनलोड मूळ साइटवरूनच करा. भलत्या साइट्स सोबत नको ते गळ्यात मारतात.

कुठली फाइल उडवावी कळत नसेल, तर उडवण्याआधी विचारा.