घोकंपट्टीचा शिक्का

शिक्षणावर गप्पा निघाल्या की मुंबईजवळच्या मीरा रोडला कुणीतरी मुस्लिम वस्तीच्या नयानगरकडे बोट दाखवून म्हणतंच, ‘त्यांच्याकडे काय, सगळी घोकंपट्टी. समजून शिकणं आलं पाश्चात्त्यांकडून.’ (बोलणाऱ्याची मुलगी तेव्हा क्लासमध्ये ‘महत्त्वाचे प्रश्न’ पाठ करत असते, ते सोडा.)

पाठांतर आहेच. कुराण मुखोद्गत करणारा, म्हणजे हिफ्जचा, विद्यार्थी रोज नवा सबक (धडा) उस्तादांना ऐकवतो, कालपरवाचा भाग पुन्हा म्हणून दाखवतो आणि वर आमोख्ता, म्हणजे जुन्या पाऱ्यांची (कुराणाच्या भागांची) उजळणी. ठरावीक अंतराने उजळणी करायची हीच युक्ती आता अ‍ॅपवाले विकतात. पण हिफ्ज ही एक शाखा झाली. तिच्यावरून अख्खी परंपरा जोखणं म्हणजे पाढे ऐकून गणिताची परीक्षा घेतल्यासारखं.

घोकंपट्टीवर सगळ्यात जहाल टीका याच परंपरेतली आहे. इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७च्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात हिशेबच मांडलाय: मोरोक्कोत मदरशात राहण्याची मुदत १६ वर्षं, ट्युनिसमध्ये ५. कारण काय? शिकवण्याची रीतच वाईट. विद्यार्थी पाठ करतात, पण चर्चेत तोंड उघडत नाहीत, मग विद्या अंगी कशी लागणार? त्याच्या मते विषय तीन फेऱ्यांत शिकवावा: आधी ठळक मुद्दे, मग तपशील आणि मतभेद, शेवटी अवघड गाठी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरने १९६०मध्ये याच्या जवळचं सांगितलं, तेव्हा ते आधुनिक ठरलं! ब्रूनरने उचललं असं मी म्हणत नाही. पण मान द्यायचाच तर दोघांना द्या. आणि छडीबद्दल? धाकात वाढलेलं पोर खोटं बोलायला शिकतं, हेही इब्न खल्दूनने लिहून ठेवलंय.

भारतातल्या मदरशांचा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने चालतो. त्यात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि गणितही होतं. आज काही ठिकाणी अर्थ न सांगता नुसतं वाचून घेतात, ही तक्रार खरी आहे. ती करा, पण तिला ‘परंपरा’ म्हणू नका.

असेच आणखी दोन शिक्के. ‘त्यांची मुलं मदरशातच जातात’: सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानुसार, शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३-४ टक्के. सकाळ-संध्याकाळ तासाभराचा मकतब, म्हणजे कुराण वाचायला शिकवणारा वर्ग, वेगळा. तिथली बहुतेक पोरं शाळेत जातात.

‘मौलानांना आधुनिक शिक्षण नको’: नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांच्या जामिया या शिक्षणसंस्थेने मदरशाबरोबर फार्मसी आणि इंजिनिअरिंगची कॉलेजंही काढली.