वणव्याचा कायदा: भारताचा आणि पोर्तुगालचा

बांबूवर बांबू घासला की ठिणगी पडते आणि वणवा लागतो, मग कायदा तरी काय करणार, हा समज भारतात जुना आहे. प्रत्यक्षात येथील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, कारण मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि तेंदूला नवी पालवी किंवा गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून रान पेटवले जाते.

याविरुद्ध कायदाच नाही, हेही खरे नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 मधील कलम 26 नुसार राखीव वनात, म्हणजे शासनाने अधिसूचना काढून राखून ठेवलेल्या जंगलात, आग लावणे गुन्हा असून मूळ कायद्यात त्यासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. फारसे कोणाच्या लक्षात नसते ते पुढचे: वणवा हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागल्यास राज्य शासन त्या भागातील चराईचे व वनोपजाचे हक्क स्थगित करू शकते, म्हणजे काडी एकाने ओढली तरी भुर्दंड साऱ्या गावाला बसू शकतो.

युरोपात शिक्षा कडक म्हणून वणवे कमी, ही समजूत पोर्तुगालकडे पाहिल्यास टिकत नाही. तेथे वणवा लावणाऱ्यास साधारणपणे 1 ते 8 वर्षे कैद होऊ शकते. शिवाय 2006 च्या कायद्याने आगीआधीचे कर्तव्यही ठरवून दिले होते. त्यानुसार रानातील किंवा रानालगतच्या घराभोवती 50 मीटरपर्यंतची झुडपे संबंधित जमीनधारकाने काढायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 10 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, आणि जमीनधारकाने हयगय केल्यास पालिकेने ते काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, अशी तरतूद होती. ती बरीचशी कागदावरच राहिली. जून 2017 मध्ये पेद्रोगाओ ग्रांदे येथील वणव्यात 66 माणसे मेली, त्यांतील बहुतेक रस्त्यावर, पळून जाताना. त्यानंतरच 15 मार्च 2018 ही सफाईची मुदत ठरली आणि त्या वर्षापुरता दंड दुप्पट झाला.

मात्र हा कायदा भारतात जसाच्या तसा उचलता येईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पोर्तुगालमधील बहुतांश वनजमीन खासगी आहे, तर भारतात ती मुख्यतः शासनाची असल्याने मालकाचे कर्तव्य येथे वनखात्याकडेच येते. उन्हाळ्यापूर्वी गवत काढून वा जाळून जो मोकळा पट्टा राखला जातो, ती जाळरेषा खातेच काढते. ती वेळेत न काढल्यास खात्याला दंड करणारे कलम मात्र 1927 च्या अधिनियमात नाही.