झोपलेले दोन सिलिंडर

हलका उतार लागला, ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला आणि मीटरच्या पडद्यावर एक बारीक खूण उमटली. शेजारी बसलेला शोरूमचा मुलगा म्हणाला, "सर, आता गाडी दोनच सिलिंडरवर चाललीय." मी कान टवकारले. धक्का नाही, हिसका नाही, आवाजात म्हणावा असा फरक नाही. चार सिलिंडरच्या इंजिनातले मधले दोन काम थांबवून बसले होते, आणि त्याने सांगितलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता. टेस्ट ड्राइव्हला निघालो होतो जास्तीची ताकद बघायला. मनात घर करून राहिली ती ताकद आवरण्याची ही कला.

माझ्याकडे तीन वर्षांपासून फोक्सवॅगनची व्हर्टस आहे, एक लिटर इंजिनाची. हीच गाडी दीड लिटरमध्येही येते आणि तिच्या अंगावर 'जीटी' ही दोन अक्षरं असतात. दोघी चाकणच्याच कारखान्यातून निघतात. लांबी तीच, ४५६१ मिलिमीटर. डिकी तीच, ५२१ लिटर. पण बोनेट उघडलं की एकीत तीन सिलिंडर, दुसरीत चार. एकीची ताकद ११५ पीएस (अश्वशक्तीचंच एक माप), दुसरीची १५०. गंमत अशी, की दोन्ही इंजिनं सख्ख्या भावंडांसारखी आहेत. दोघांच्या सिलिंडरचा व्यास ७४.५ मिलिमीटरच. धाकट्यात पिस्टन ७६.४ मिलिमीटर वर-खाली होतो, थोरल्यात ८५.९. एवढ्या फरकाने आणि एका जादा सिलिंडरने ९९९ सीसीचे १४९८ सीसी होतात.

तर, जुनी देऊन जीटी घ्यावी का? हा प्रश्न घेऊन मी महिनाभर फिरतोय. आणि या महिन्यात गाडी नावाच्या वस्तूबद्दल जे कळलं, ते गाडी चालवण्याच्या पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

पहिलं नवल साध्या गणिताचं. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता टिकवून ठेवायला या आकाराच्या गाडीला किती ताकद लागते? हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण धरून हिशेब मांडला, तर १५ ते २० पीएस. बस्स, एवढंच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० चीच मर्यादा आहे. म्हणजे मुंबईकडे एका लयीत जाताना माझ्या गाडीतले शंभराच्या आसपास अश्व नुसते उभे असतात, आणि जीटीतले १३०. घाट चढायला तरी लागत असतील, असं वाटतं ना? चार माणसं, सामान, सहा टक्क्यांचा चढ आणि ताशी ६० चा वेग धरला, तरी आकडा तिशीच्या पुढे फारसा सरकत नाही.

मग उरलेली ताकद कशासाठी? वेग टिकवायला ती लागत नाहीच, ती लागते वेग बदलायला. साठवरून नव्वदवर जायचं, आणि तेही आत्ता, समोरून ट्रक यायच्या आत. स्पोर्टी गाडीसाठी मोजलेले जादा पैसे हे तासांचे किंवा किलोमीटरचे नसतात, ते असल्या काही सेकंदांचे असतात.

या सेकंदांची किंमत कळते ती दुपदरी रस्त्यावर. आम्ही महिन्यातून दोनदा श्रीवर्धनला जातो, सासुरवाडीला. पौड, मुळशी, ताम्हिणी, मग खाली उतरून माणगाव. समोर विटांनी भरलेला टेम्पो रखडत चाललेला असतो. आपण ताशी ७५ ने त्याच्या बाजूने निघतो, समोरचाही ७५ ने येत असतो. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला सुमारे ४२ मीटरने आटतं. चार मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, जवळपास तेवढं. ओव्हरटेक दोन सेकंद लवकर आटोपला, तर अशा दोन रांगांएवढा रस्ता आपल्या हातात शिल्लक राहतो. हे समजल्यापासून 'पिकअप' हा शब्द मला चैनीचा वाटेनासा झाला.

पिकअप येतो टॉर्कमधून, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरातून. माझ्या गाडीत तो १७८ न्यूटन-मीटर आहे, जीटीत २५०. चाळीस टक्क्यांनी जास्त. दोन्हींत तो फार खालून मिळतो, मिनिटाला पावणेदोन हजार फेऱ्यांच्या आतबाहेर. हे श्रेय टर्बोचं. मुठीएवढं ते चक्र. सायलेन्सरकडे निघालेल्या तापल्या धुराने ते गरगर फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. वाया चाललेल्या धुरानेच इंजिनाला श्वास भरवायचा! असली छोटी टर्बो चक्रं मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेतात. गाडी पंक्चर काढायला नेतो तेव्हा त्याच बोनेटखाली असं काही घडत असतं, हे मनात आलं की मला अजून हरखायला होतं.

तीन आणि चार सिलिंडरमधला फरक कानालाही कळतो. २००० फेऱ्यांवर तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ५० स्फोट होतात, चारच्या इंजिनात ६६ च्या पुढे. म्हणून थोरल्याचा आवाज सलग वाटतो आणि धाकट्याच्या आवाजाला थोडी खरखर असते. मला ती खरखर आवडते, हेही सांगून टाकतो.

आता त्या झोपलेल्या दोन सिलिंडरांकडे. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर बाहीसारखे धातूचे तुकडे चढवलेले असतात. प्रत्येकावर दोन आकार कोरलेले: एक उंचवट्याचा, जो झडप खाली दाबतो, आणि एक निव्वळ गोल, जो काहीच दाबत नाही. पायाचा जोर कमी आहे असं दिसलं की एक बारीक पिन त्या बाहीवरच्या नागमोडी खाचेत उतरते. शाफ्ट फिरतच असतो, त्याच्या फिरण्यानेच बाही काही मिलिमीटर बाजूला सरकते आणि उंचवट्याच्या जागी गोल भाग येतो. झडपा मिटतात, पेट्रोल थांबतं. आत अडकलेली हवा पिस्टन वर आला की दाबली जाते आणि खाली जाताना त्याला परत ढकलते, स्प्रिंगसारखी. पहिला आणि चौथा सिलिंडर गाडी ओढत राहतात. फोक्सवॅगनने २०१२ च्या सुमारास युरोपात १.४ लिटरच्या इंजिनात हे आणलं तेव्हा या अदलाबदलीला १३ ते ३६ मिलिसेकंद लागतात असं सांगितलं होतं. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

पण दोन सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचतं कसं, काम तर तेवढंच आहे ना? पेट्रोल इंजिनाला कमी ताकद हवी असते तेव्हा त्याची हवा अडवली जाते. नाक चिमटीत धरून धावायला लावावं तसं ते चौघं अर्धवट श्वासावर राबत असतात, आणि श्वास ओढण्यातच जोर खर्ची पडतो. दोघांना विश्रांती दिली की उरलेल्या दोघांना जास्त काम करावं लागतं, म्हणून त्यांचं नाक मोकळं सोडता येतं. म्हणजे जास्त ताकदीच्या गाडीत त्या जास्तीच्या ताकदीला निजवण्यासाठी केवढी ही बुद्धी खर्चलेली!

नुसती ताकद वाढवून गाडी स्पोर्टी होत नाही, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या नावाची मिनी कूपर आली. ३४ अश्वशक्तीची मिनी ५५ ची झाली, पण त्याबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले. १९७६ च्या गोल्फ जीटीआयलाही ११० पीएसचं इंजिन देताना ब्रेक आणि सस्पेन्शन दोन्ही सुधारले होते. आधी थांबण्याची सोय, मग पळण्याची. म्हणून कुठलीही स्पोर्टी आवृत्ती बघताना मी बोनेटच्या आधी चाकांपाशी वाकतो. २०२२ मध्ये व्हर्टस आली तेव्हा जीटीच्या पुढच्या कॅलिपरला लाल रंग होता, पण मागे दोन्ही गाड्यांना ड्रम ब्रेकच होते. हे आपल्याला माहीत असावं, कारण १०० ऐवजी १२० वरून थांबायला ४४ टक्के जास्त अंतर लागतं, आणि रंगाने त्यात एक फूटही कमी होत नाही. आमचा मेकॅनिक तर म्हणाला, "साहेब, गाडी कुठलीही घ्या, पण रस्त्याला चिकटतो तो टायर. आधी त्याच्याकडे बघा." खरंच, प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा.

नावावरही जाऊ नये. २०२४ मध्ये व्हर्टसची 'जीटी लाइन' आली. काळा साज, देखणं रूप, पण इंजिन एक लिटरचंच. नुसतं रूप आवडलं म्हणून घेण्यात काही वावगं नाही, मात्र ताम्हिणीतला टेम्पो त्याने लवकर मागे पडणार नाही.

गिअरबॉक्सबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे. ऑटोमॅटिक हवी असेल तर एक लिटरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर मिळतो: दोन पंखे तेलात समोरासमोर, एक फिरला की तेलाच्या धारेने दुसरा फिरतो. दीड लिटरमध्ये सात गिअरचा डीएसजी. त्यात दोन कोरडे क्लच असतात. एकाकडे एक, तीन, पाच, सात, दुसऱ्याकडे दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा तयारच उभा असतो, म्हणून बदल जाणवतच नाही. हायवेवर याला तोड नाही. पण हिंजवडीच्या संध्याकाळी, दर दहा फुटांवर थांबत सरकताना, कोरडा क्लच घासून तापतो. तिथे तेलातले पंखे निवांत असतात. ज्याचं सगळं आयुष्य सिग्नल ते सिग्नल आहे, त्याने माझ्या मते एक लिटर सोडू नये.

विम्यातही फरक पडतो. २०२२ च्या दरांनुसार थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये, कर वेगळा. ९९९ आणि १४९८ हे दोन्ही आकडे उंबरठ्याच्या अगदी अलीकडे थांबतात. खरा भार किमतीचा आणि जुनी विकताना बसणाऱ्या तुटीचा.

शेवटी मी एक केलं. मागच्या शनिवारी श्रीवर्धनला जाताना बायकोच्या हातात वही दिली. मुळशीपासून माणगावपर्यंत किती वेळा ओव्हरटेक केला, आणि किती वेळा निघून परत मागे आलो, तेवढंच लिहायचं. निजामपूरच्या अलीकडे तिने विचारलं, "त्या ऊसवाल्या ट्रॅक्टरला निघालात आणि परत आलात, ते दोनदा धरू की एकदाच?"

"दोनदा धर."

माणगावला चहाला थांबलो तेव्हा तिने वही पुढे केली. अकरा वेळा गेलो होतो, चार वेळा परत आलो होतो. चार या आकड्याभोवती तिने पेनने गोल केला होता.